न आलेली नळी

परवा शहापुरात ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मालकांनी स्टूल पुढे सरकवलं आणि हसत म्हणाले, "एन्री सर, निम्म कोळवि बरलेऽ इल्ल!" मी काय बोलणार? ती नळी येणार, असं 2006 साली मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हा मी नुकताच कॉलेजात लागलो होतो आणि त्यांचा मुलगा बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होता.

नळी म्हणजे कार्बन नॅनोट्यूब. 1991 मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी ती जगापुढे आणली. केसाच्या हजारो पट बारीक. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड दिसायचा, आठवतो? तिथे फिलामेंट तापवून इलेक्ट्रॉन बाहेर काढत. नॅनोट्यूबला तापवावं लागत नाही. टोक जितकं अणकुचीदार, तितका विजेचा जोर तिथे एकवटतो. या नळीच्या टोकाशी तो शेकडो-हजारो पटींनी वाढतो आणि इलेक्ट्रॉन थंडपणीच निसटतात. 1999 मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी असा साडेचार इंची पडदा करूनही दाखवला.

अडचण एकच होती. नळ्या उगवायला सहाशे-सातशे अंश उष्णता लागते, त्यात प्लॅस्टिक टिकत नाही. मूळचे केरळचे पुलिक्कल अजयन यांच्या अमेरिकेतल्या गटानं 2006 मध्ये यावर युक्ती काढली. सिलिकॉनच्या तबकडीवर नळ्यांचं उभं रान उगवायचं, त्यात रबरासारखं पॉलिमर ओतायचं, आणि ताटलीतून खरवस सुटावा तसा पापुद्रा सोडवून घ्यायचा. वाकवता येणारा, इलेक्ट्रॉन देणारा पापुद्रा! वर्गात हे मी रंगवून सांगितलं. गुंडाळून ठेवायचा टीव्ही येणार, म्हणालो. मुलानं घरी सांगितलं, आणि पिक्चर ट्यूबच नव्या रूपात परत येणार म्हणून वडिलांनी एलसीडी शिकायचं दोन वर्षं पुढे ढकललं. ती दोन वर्षं त्यांना जड गेली.

मी जे सांगितलं नव्हतं ते असं. इलेक्ट्रॉनला वाट मोकळी लागते, म्हणजे निर्वात पोकळी. आतली हवा काढली की बाहेरची हवा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोचा दाब देते. पापुद्रा वाकेल हो, पण पोकळी सांभाळणारी पेटी कशी वाकणार? शिवाय पडद्याचं आणि नळ्यांचं अंतर जरा बदललं की उजेड कमीजास्त. तोवर एलसीडी स्वस्त झाला. पुढे वाकणारा पडदा आला तो ओएलईडीचा. त्याला चालायला अशी पोकळी लागतच नाही.

नळ्या वाया मात्र गेल्या नाहीत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ओटो झोऊ यांच्या गटानं 2002 मध्ये त्यांच्यापासून एक्स-रे मिळवून दाखवले. तापण्याची वाट बघायला नको, क्षणात चालू, क्षणात बंद. असे अनेक छोटे स्रोत ओळीनं बसवले की यंत्र रुग्णाभोवती न फिरवता निरनिराळ्या कोनांतून चित्र घेता येतं. इथे पेटी वाकायचीच नसते!

हे सगळं मालकांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "दुरुस्तीला आलं तर उघडता येतं काय?"

"नाही. पोकळी गेली की संपलं."

"मग ते आमच्या कामाचं नाही, सर," म्हणत त्यांनी समोरच्या एलईडी टीव्हीच्या बॅकलाइटची पट्टी काढायला घेतली.