मोरीत पाय घसरला

डोळ्याखाली काळंनिळं, मनगट सुजलेलं आणि शेजारी सासू उभी. काय झालं विचारलं की बाई म्हणते, मोरीत पाय घसरला. केसपेपरवर तेच उतरतं, मलमपट्टी होते, ती घरी जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारांतल्या एकीने नवऱ्याचा जाच सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्के बायकांनी. उरलेल्या गप्प का राहतात, याचं उत्तर आपण त्यांच्या स्वभावात शोधतो. मला ते रस्त्यात आणि पैशात दिसतं.

कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही, हे त्याने स्पष्ट केलं. अशा बायकांच्या मदतीसाठी जिल्ह्याला सखी केंद्र आहे, १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. पण रावेरसारख्या तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याचं जळगाव म्हणजे सावदा, फैजपूर, भुसावळ करत साठेक किलोमीटर. केळीच्या बागेत निंदणीला जाणारीचा त्या दिवशी खाडा पडतो, रोज बुडतो, भाड्याला पैसे नसतात, आणि कुठं चाललीस याचं उत्तर उंबऱ्यावरच द्यावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा, तडवी आदिवासी वस्त्यांवरून तर आधी रावेरच गाठावं लागतं. दवाखान्यात जाते म्हटलं तर मात्र तिला सहसा कुणी अडवत नाही. म्हणून मदतीची खोली तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच हवी.

हे करून पाहिलेलं आहे. मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने २०००मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे मदत केंद्र सुरू केलं. पुढे ते शहरातल्या इतर रुग्णालयांत गेलं. तिथे रुग्णालयाच्याच माणसांना शिकवलं गेलं. पडण्याची जखम आणि वार अडवताना हाताला झालेली जखम वेगळी दिसते. सोबतच्या माणसाला बाहेर थांबवायचं, बाईला एकटीला विचारायचं आणि तिची इच्छा असेल तर शेजारच्या खोलीत समुपदेशकाकडे न्यायचं. याच्या जोडीला वस्तीत काम लागतंच. युगांडातल्या कंपालात ‘सासा’ उपक्रमाने वस्त्यांमध्ये पुरुषांशीही बोलणं चालू ठेवलं. इतर वस्त्यांच्या तुलनेत तिथे जोडीदाराकडून होणारी मारहाण ५२ टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे आशाताई घरोघरी जातातच. या कामाचं प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला मात्र त्यांना मिळायला हवा.

डॉक्टरांवर आधीच ताण आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दोन पगारी समुपदेशक मागायचे. डॉक्टरांकडून हवा आहे तो एक प्रश्न आणि नीट नोंद. दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या अर्नेश कुमार निकालात अशा तक्रारींवरून होणाऱ्या सरसकट अटकेला लगाम घातला, तो योग्यच होता. पण खोट्याची भीती वाटणाऱ्याने तर जखमेची जागा, लांबी, रंग त्याच दिवशी लिहिलेला कागद आधी मागावा. सहा महिन्यांनी आठवून सांगितलेल्या हकिगतीपेक्षा तो कोर्टात दोन्ही बाजूंच्या उपयोगी पडतो. संसार मोडेल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगणं, की मार थांबावा एवढंच जिचं मागणं आहे, तिला त्या खोलीत कुणी वेगळं व्हायला लावत नाही. पहिल्या दिवशी ती काहीच बोलणार नाही, हेही धरून चालावं. तीन दिवसांनी पट्टी बदलायला तिला यायचंच असतं, आणि त्यासाठी घरात वेगळं कारण सांगावं लागत नाही.