चातुर्मासात उभी गाडी म्हणजे बंद खोली



आषाढ लागला की आपल्या स्वयंपाकघराचं वेळापत्रक बदलतं. थंडीत सात दिवस आणि उन्हाळ्यात पाच दिवस चालणाऱ्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवसांवर येते. पापडाचे डबे ऊन पडलं की बाहेर निघतात, डाळी निवडून पुन्हा भरल्या जातात. हे आपल्याला कुणी आठवण करून द्यावं लागत नाही. पण त्याच घराच्या खाली, पार्किंगमध्ये, एक खोली महिना महिना बंद असते. तिच्यात गाद्या आहेत, जमिनीवर जाड कापड आहे, खिडक्या घट्ट लावलेल्या आहेत आणि वारा कुठूनच नाही. तिला आपण गाडी म्हणतो, म्हणून ती घराच्या हिशेबात धरत नाही.

माझं मत असं, की पावसाळ्यात गाडीला बुरशी येते ती हवामानामुळे कमी आणि आपल्या दुर्लक्षामुळे जास्त. आणि ज्यांच्या घरात पिठाची मर्यादा पाळली जाते, त्यांनी तरी हे दुर्लक्ष करू नये.

आपल्याकडे गाड्या चातुर्मासातच जास्त उभ्या राहतात. महाराज एका गावी स्थिर असतात, घरातली मोठी माणसं प्रवासाची मर्यादा घेतात, सहली बंद होतात. मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि गाडी सासऱ्यांच्या नावावर खाली उभी. मग दशलक्षण पर्व येतं, सासूबाईंना मंदिरात न्यायचं असतं, म्हणून दार उघडलं जातं. आतून ओल्या पोत्यासारखा वास येतो. स्टिअरिंगवर पांढरट बुरा, सीटबेल्टवर हिरवे ठिपके. घाईघाईत कुणीतरी सुगंधी स्प्रे मारतं, काचा खाली करतं आणि दम्याच्या माणसाला त्यातच बसवून नेलं जातं. बुरशीचे कण श्वासातून गेले की दमा आणि अ‍ॅलर्जी वाढते, हे डॉक्टर सांगतातच. स्प्रेने वास झाकला जातो, कण तिथेच राहतात.

बुरशी तीन गोष्टींनी फोफावते: ओल, खाणं आणि कोंडलेली हवा. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते आपण काढून टाकू शकत नाही. खाणं म्हणजे धूळ, खाद्यपदार्थांचे कण आणि आपल्या हातांचा घाम व तेल. म्हणून आधी स्टिअरिंग, गिअरची मूठ, सीटबेल्ट आणि लहान मुलाची सीट यांवर ती दिसते. हवेतली आर्द्रता बराच काळ 60 टक्क्यांच्या वर राहिली की तिचं फावतं, आणि कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती 80 च्या पुढे असते. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर सुरुवात व्हायला तेवढं पुरतं. म्हणजे तिन्हींपैकी आपल्या हातात मुख्यतः ओल आहे. सगळी मेहनत तिथेच करायची.

ओल येते कुठून? सगळ्यांना वाटतं, काच उघडी राहिली असेल. बहुतेक वेळा आपणच ती आत नेतो. ओल्या चपला, सीटच्या मागे टाकलेली छत्री, डिकीत विसरलेली रेनकोटची पिशवी. आपल्या घरांत आणखी दोन गोष्टींची भर पडते. अभिषेकाहून परतताना पिशवीत गुंडाळलेलं पूजेचं ओलं धोतर, आणि सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून गाडीतच उघडलेला डबा. नियम पाळायलाच हवा, पण थालीपीठाचे कण सीटच्या फटीत जातात आणि तिथे दमट हवा असतेच.

गाडीचे स्वतःचे मार्गही आहेत. समोरच्या काचेखाली, वायपरच्या पट्टीत, पावसाचं पाणी बाहेर जायला भोकं असतात. झाडाखाली गाडी उभी असेल तर पानं साचून ती बुजतात आणि पाणी आत उतरू शकतं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर तेच पाणी पुढच्या सीटच्या पायाशी झिरपतं. सनरूफ असेल तर त्याच्याही नळ्या असतात. दाराचं रबर कडक होऊन फाटलं की तिथूनही थेंब येतो. वरचं कापड कोरडं वाटलं तरी खालचा फोम ओला असू शकतो. म्हणून मॅट उचलून जुना वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि त्यावर पायाने जोर द्यावा. कागद ओला झाला तर गॅरेजला न्यायचं. हे घरच्या उपायांचं काम नाही.

आता नेम सांगते. आठवड्यातून एकदा, पाऊस उघडल्यावर, चारही दारं आणि डिकी तासभर उघडी ठेवायची. पाऊस चालू असताना नाही, कारण तेव्हा बाहेरची दमट हवाच आत भरते. मॅट काढून उन्हात टाकायच्या. पावसाळ्यात कापडी मॅट नकोतच. काठ असलेल्या रबरी बऱ्या, त्यांच्यावरचं पाणी ओतून टाकता येतं. मग गाडी अर्धा तास चालवायची. एसी लावायचा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू ठेवायचं. एसी हवेतलं पाणी काढतो, म्हणून थंडी वाजत असली तरी पावसात तो उपयोगाचा. पोहोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा मोठा ठेवायचा, म्हणजे आतली ओली जाळी वाळते. गाडी सुरू केल्यावर पहिल्यांदा येणारा कुबट वास बऱ्याचदा त्याच जाळीचा असतो. हवेचा फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो. पावसाळ्याआधी तो बदलून घ्यावा.

जागेवरच दोन मिनिटं इंजिन सुरू करून बंद केल्याने गाडी वाळत नाही. आणि बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये, त्या धुरातला वायू जीवघेणा असतो.

गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालून निश्चिंत होणारी घरं मी खूप पाहिली. ओल्या गाडीवर असं कव्हर घालणं म्हणजे ओल्या केसांवर टोपी घालणं. कव्हर घालायचंच तर गाडी कोरडी झाल्यावर, आणि हवा खेळणाऱ्या कापडाचं.

कापराच्या वड्या, सुगंधी जेल, कोळशाच्या पिशव्या यांचं काम वासापुरतं. तांदळाची पुरचुंडी तर नकोच, तिला मुंग्या आणि टोके लागतात आणि आपण नव्या जीवांना आमंत्रण देतो. ओल ओढायला सिलिका जेल चालतं. रंग बदलणारं घेतलं तर ते कधी भरलं ते कळतं. दुकानात ओल ओढणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबेही मिळतात, त्यांच्यात हळूहळू पाणी साचतं. ते पाणी सीटवर किंवा लोखंडावर सांडू देऊ नये. आणि दार उघडं, फोम ओला असताना असे दहा डबे ठेवले तरी उपयोग शून्य.

इतकं करूनही बुरशी आली तर? गाडी उघड्यावर, उन्हात आणावी. तोंडाला एन-95 मास्क, हातात मोजे. दमा असलेल्याने हे काम करू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये. कोरड्या ब्रशने घासायचं नाही, त्याने बीजाणू सगळीकडे उडतात. साध्या सौम्य साबणाच्या पाण्यात कापड बुडवून घट्ट पिळायचं आणि टिपत टिपत पुसायचं, कापड वरचेवर बदलायचं. पुसलेली जागा लगेच कोरड्या कापडाने कोरडी करायची. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुसायचा आणि पूर्ण वाळल्यावरच आत सोडायचा. ब्लीच वापरू नका: कापडाचा रंग जातो, पट्ट्याचे धागे कमजोर होतात. पुष्कळजण व्हिनेगर सांगतात. पण आंबवलेलं म्हणून अनेक घरांत ते आणतच नाहीत. त्यांनी चिंता करू नये, साबणाचं पाणी आणि ऊन बहुतेक काम करतं. जे वापरतात त्यांनी ते ब्लीचबरोबर कधीच मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. फोमच्या आतपर्यंत बुरशी गेली असेल तर पुसून भागत नाही, तो भाग बदलावा लागतो.

सीटचाही प्रश्न आहे. नवी गाडी घेताना शोरूममध्ये चामड्याच्या सीटचं कौतुक ऐकवलं जातं. चामडं म्हणजे कुणाचं तरी कातडं, ते आपण घ्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको. पण लेदर हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून सीट खऱ्या चामड्याची आहे की कृत्रिम, ते लेखी विचारून घ्या.

आता मूळ मुद्दा. बुरशी हा आपल्यासाठी नुसता डाग नाही. साधारण वनस्पतीत तिची गणना आहे, एका शरीरात अनंत जीव. ती पुसायची म्हणजे हिंसा झालीच. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे मान्य. पण आपल्याकडे हिंसेचा विचार करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आधी धरला आहे. ओली छत्री गाडीत टाकताना तो झाला, दार लावून महिनाभर न उघडताना तो वाढला. पुसायच्या कापडाने फक्त त्याचा शेवट केला. जीव उत्पन्नच होऊ नयेत अशी कोरडी जागा ठेवणं हा यत्नाचार. डब्यात पीठ संपवून पुन्हा दळून आणतो, तोच नियम इथे लागू.

कुणी म्हणेल, गाडी हे आमच्या अहोंचं खातं. मला हे पटत नाही. चालवायला येत नसेल तरी दार उघडायला परवाना लागत नाही. मागच्या सीटवर आपणच बसतो, वास आपल्यालाच आधी कळतो, आणि नंतर सासूबाईंची औषधंही आपणच देतो. गाडीची किल्ली कपाटात नाही, पिठाच्या डब्याशेजारी ठेवा. पीठ बदलायच्या दिवशी ती दिसली, की खाली जाऊन चार दारं उघडायची आठवण होईल. या आठवड्यात ऊन पडलं तर पहिली मॅट उचलून बघा, आणि खाली काय सापडलं ते मला जरूर कळवा.