विजय दिवसाला परेड हवी का?

१५ जानेवारी २०२५ ला लष्कर दिनाची परेड पहिल्यांदाच पुण्यात झाली, तीही खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर. आपल्या हॉस्टेलात चर्चा मात्र त्यातल्या चार पायांच्या रोबोट खेचरांचीच! इंजिनिअरिंगवाले, दुसरं काय बोलणार? पण त्याच गप्पांमध्ये कुणीतरी विचारलं, १६ डिसेंबरला, १९७१ च्या विजयाच्या दिवशी, अशी मोठी परेड का नसते?

प्रश्न रास्त आहे. हिटलरच्या पाडावानंतर २४ जून १९४५ ला मॉस्कोच्या रेड स्क्वेअरवर विजयाचं संचलन झालं, पुढे ९ मेला रणगाडे-क्षेपणास्त्रं मिरवण्याची प्रथाच पडली. २०२० मध्ये तर आपले जवानही तिथे चालले. १९७१ मध्ये सुमारे ९३ हजार पाकिस्तानी शरण आले. मग आपणच का गप्प?

परेडला मी नावं ठेवत नाही. कॉन्व्हेंटमध्ये मार्च पास्टसाठी कॅनव्हासच्या बुटांना खडू फासून मीही उन्हात उभी राहिलेय. चाळीस जणींचा पाय एकदम पडला की अंगावर काटा येतोच! तरीही माझं मत आहे, विजय दिवसाला परेड नको.

कारण आहे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. (जवळपास आपल्याच वयाचा, म्हणून 'तो' म्हणतेय.) जन्म पुण्यातला, १९५० चा. जून १९७१ मध्ये तो पूना हॉर्समध्ये अधिकारी झाला. सहाच महिन्यांनी, १६ डिसेंबरला, बसंतरच्या लढाईत त्याचा रणगाडा पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम आला. पण तोफ अजून चालत होती, म्हणून तो लढत राहिला आणि तिथेच गेला. वय २१. म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांएवढा! त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच दिवशी. देशाचा विजय दिवस हा त्या घरासाठी मुलगा गेल्याचा दिवस आहे.

परेडमध्ये आपल्याला दिसतात ते परत आलेले. जो गेला त्याची रांगेत रिकामी जागासुद्धा दिसत नाही.

२६ जानेवारी राज्यघटनेचा दिवस. लष्कर दिन १९४९ मध्ये जनरल करिअप्पांनी सैन्याची सूत्रं घेतल्याचा. तिथे बँड वाजावा, पावलं वाजावीत. खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट पासिंग आउट परेड करतात, त्या मैदानाचं नावच खेत्रपाल परेड ग्राउंड आहे. हे मला फार योग्य वाटतं. नोकरीच्या पहिल्या पावलालाच कळावं, किंमत काय असते ते.

विजय दिवसाला मात्र पुष्पचक्र आणि दोन मिनिटांची शांतता पुरे. पुण्यात त्यासाठी घोरपडीजवळ युद्ध स्मारक आहे, तेही नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. डिसेंबरात सबमिशन असतात, कबूल. पण सकाळचा एक तास निघेल की! एनसीसीवाले पुढे, आपण मागे. घोषणा नकोत, फोटो नकोत. कोण येतंय?