कारखान्याला जे मिळालं, ते कॉलेजला कधी?

तुमच्या कॉलेजच्या गेटजवळ एक मोठा फलक असतो. आज जाता-येता तो जरा थांबून वाचा. अँटी रॅगिंग कमिटी, अंतर्गत तक्रार समिती, विद्यार्थी विकास, एनएसएस, क्रीडा, सांस्कृतिक. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा मोबाइल नंबर. आता त्याच फलकावर सुरक्षा समिती शोधा. लॅबमध्ये ॲसिड सांडलं, हॉस्टेलच्या नळाला गढूळ पाणी आलं, हॉलच्या मागच्या दाराला कुलूप दिसलं तर कोणाला फोन करायचा, त्या माणसाचं नाव शोधा. सापडलं तर तुमचं कॉलेज नशीबवान. नाही सापडलं, तर पुढचं वाचाच.

आपल्या शहरातला कोणताही पोरगा-पोरगी वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा एमआयडीसीत ट्रेनिंगला गेली की पहिल्या दिवशी हातात सेफ्टी शूज आणि हेल्मेट पडतं. निदान चांगल्या कंपनीत तरी. हे कोणा मालकाच्या भलेपणामुळे घडलेलं नाही, त्यामागे कायदा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमणं भाग पाडलं. पुढे डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडलं. त्यानंतर १९८७ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती बंधनकारक झाली. त्या समितीत व्यवस्थापनाचे जितके लोक, तितकेच कामगारांचे प्रतिनिधी. म्हणजे ज्याला भाजण्याची भीती आहे, तो टेबलाच्या एका बाजूला हक्काने बसणार. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षा अधिकारी आणि सुरक्षा समिती या दोन्ही गोष्टी कायम आहेत.

आता आपलं कॉलेज बघा. तीन-चार हजार पोरं तर मध्यम कॉलेजातही असतात. केमिस्ट्रीच्या कपाटात सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिड आहे. झूलॉजीत फॉर्मलिनच्या बरण्या आहेत. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक, आयटीआय असेल तर लेथ आहे, वेल्डिंग आहे. मेसमध्ये गॅस सिलिंडर आहेत. माणसं कारखान्याइतकी, धोक्याच्या वस्तूही कमी नाहीत. पण इथे भिंतीवर ‘सायलेन्स प्लीज’ लिहिलेलं असतं आणि आपण या जागेला विद्यामंदिर म्हणतो, त्यामुळे ही कामाची जागा आहे हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि ती कोणाच्या कामाची जागा आहे? तुम्ही तीन वर्षं, फार तर पाच वर्षं राहणार. लॅबमधले मामा तिथे तीस वर्षं काढतात. तुम्ही आठवड्यातून दोनदा फॉर्मलिनचा वास घेऊन नाक मुरडता. ते रोज त्याच खोलीत बसून डबा खातात. फॉर्मलिनमधलं फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं आहे. फुटलेली काचेची ट्यूब तुम्ही डस्टबिनमध्ये टाकता. तो डस्टबिन उघड्या हाताने रिकामा करणाऱ्या मावशी कंत्राटावर आहेत, त्यांना हातमोजे कोण देतं? हॉस्टेलची सेप्टिक टाकी तुंबते तेव्हा कोण येतं, आणि आत कोण उतरतं? सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा कॉलेजच्या कंपाउंडपाशी थांबत नाही.

‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कॉलेजांत आणि विद्यापीठांत काय काय झालं आहे, ते बघू.

२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने कित्येक वर्षं पडून असलेलं एक यंत्र भंगारात लिलावाने विकलं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. मायापुरीच्या भंगार बाजारात ते कापलं गेलं. एक कामगार मरण पावला, आणखी काही जणांना किरणोत्साराने गंभीर इजा झाल्या. विद्यापीठात धोकादायक पदार्थांची नोंद ठेवणारं आणि भंगाराचा ट्रक गेटबाहेर जाण्याआधी ती तपासणारं कोणी असतं, तर हा मृत्यू टळला असता. त्याआधी डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात हवेच्या संपर्कात येताच पेटणारं रसायन हाताळताना एका २३ वर्षांच्या तरुणीच्या कपड्यांनी पेट घेतला. अंगात सिंथेटिक स्वेटर होता, लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. त्यानंतर प्राध्यापक आणि विद्यापीठ, दोघांवर फौजदारी गुन्हे दाखल झाले. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सिलिंडरचा स्फोट होऊन एक तरुण संशोधक जागीच गेला. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या संस्थेत हे होऊ शकतं, तर आपल्याकडे का नाही?

आपल्या शहराने तर आगीचे धडे फार जवळून घेतले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार जळून खाक झाला. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. आतच झोपलेल्या सहा कामगारांना बाहेर पडता आलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये छावणीत खालच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावरचे एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या, धूर पोचला होता.

छावणीची ही गोष्ट हॉस्टेलवाल्यांनी आणि अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावी. आग लागते खाली आणि जीव जातो वर, कारण जिना एकच असतो आणि धूर त्याच जिन्याने चढतो. मे २०१९ मध्ये सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले २२ विद्यार्थी गेले. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या राजेंद्रनगरात तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तिघं जण बुडाले. आता तुम्ही जिथे महिन्याची फी भरून रात्री अकरापर्यंत बसता, त्या अभ्यासिकेला दुसरा दरवाजा आहे का? असेल तर तो उघडतो का, की त्यासमोर जुन्या खुर्च्या रचल्या आहेत? तुमच्या होस्टेलच्या जिन्याखाली कोणी ई-स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावतं का?

सुरक्षा म्हटलं की आपल्याला आगच आठवते. पण पाणी आणि कचरा हळूहळू त्रास देतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणीत दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोची साथ आली आणि हजारो लोक आजारी पडले. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे प्रत्येक हॉस्टेल टाकीवर आणि टँकरवर जगतं. ती टाकी शेवटची कधी धुतली, याची तारीख टाकीवर लिहिलेली आहे का? नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. ही तपासणी केमिस्ट्रीची पोरं पाच मिनिटांत करू शकतात. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना तर पाण्यातले जिवाणू मोजणं अभ्यासक्रमातच आहे. मग जर्नल भरण्यासाठी कुठलं तरी सॅम्पल घेण्यापेक्षा स्वतःच्या हॉस्टेलचं पाणी का तपासू नये?

कचऱ्याचंही तसंच. नारेगावच्या लोकांनी कित्येक वर्षं अख्ख्या शहराचा कचरा सोसला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा शहराला कळलं की आपण टाकलेलं कुठेतरी, कोणाच्या तरी दारात जाऊन पडतं. लॅबच्या बेसिनमध्ये ओतलेलं रसायनही असंच कुठेतरी जातं. शहरातली गटारं आणि नाले खामकडे आणि सुखनाकडे उतरतात. खाम पुढे गोदावरीला, नाथसागराला मिळते. आणि शहराला पिण्याचं पाणी कुठून येतं? नाथसागरातूनच. एका टेस्ट ट्यूबने धरण नासत नाही, हे खरं. पण शेकडो बेसिनं आणि वर्षानुवर्षांची सवय यांचा हिशेब कोणी ठेवलेलाच नाही.

प्राचार्यांकडे गेलात तर एक फाइल दाखवली जाईल. फायर ऑडिट झालंय, ग्रीन ऑडिट झालंय, नॅकच्या वेळी सगळं केलंय. फाइल खोटी असेल असं नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घ्यावं लागतं. पण प्रमाणपत्र घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप लागलं, तर ते फाइलला कळत नाही. ते रोज त्या दारावरून जाणाऱ्याला कळतं. म्हणून फाइलबरोबर माणसं हवीत.

पैशांचा मुद्दा निघेल, आणि तो खोटा नाही. अनुदानित कॉलेजांत शिक्षकेतर पदं रिकामी आहेत, एकेक लॅब अटेंडंट दोन-दोन लॅब सांभाळतो. नवी इमारत, नवी फ्यूम हूड याला पैसा लागतोच. पण कुलूप काढायला, बाटलीवर नाव आणि तारीख लिहायला, वापरलेली रसायनं ओतायला बेसिनऐवजी वेगळा कॅन ठेवायला, जिन्यातल्या खुर्च्या हलवायला किती लागतो? निम्म्याहून जास्त काम झाडू, मार्कर आणि थोडी लाज एवढ्यावर होतं.

तेव्हा मागायचं काय, तर कारखान्यातल्या कामगाराला १९८७ मध्ये मिळालं तेच. प्रत्येक कॉलेजात सुरक्षा समिती, आणि तिच्यात निम्म्या जागा विद्यार्थी, लॅबमधले कर्मचारी, सफाई आणि मेसमधली माणसं यांच्यासाठी. विद्यार्थी बदलत राहतात, म्हणून कर्मचारी तिथे असणं जास्त महत्त्वाचं. कुठली वायर कधीपासून उघडी आहे, हे त्यांनाच माहीत असतं. वर्षातून दोनदा ड्रिल, न सांगता. आणि एक रजिस्टर, ज्यात झालेले अपघात तर लिहायचेच, पण थोडक्यात टळलेलेही लिहायचे.

हे रजिस्टर चालायचं असेल तर एक गोष्ट बदलावी लागेल, ती म्हणजे ब्रेकेजचा दंड. थर्मामीटर फुटला की पैसे भरावे लागतात, म्हणून पोरं काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पारा पायाने टेबलाखाली सारला जातो. तो तिथेच बसून वाफ होत राहतो आणि झाडूने पसरतो. काच फुटल्याची शिक्षा देणारं कॉलेज आपल्याच पोरांना धोका लपवायला शिकवतं. सांगणाऱ्याला दंड नाही, हा नियम समितीने पहिल्याच बैठकीत करायला हवा.

तोवर तुमच्या हातातलं तुम्ही करा. प्रॅक्टिकलला सुती ॲप्रन, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी बाजूला. ॲसिडमध्ये पाणी नाही, पाण्यात ॲसिड. भिंतीवरच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे जाता-येता बघा. वापरायची वेळ आलीच तर पिन ओढून नळी ज्वाळांच्या बुडाशी धरायची. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत बाहेर पडायचं. फोन १०१ किंवा ११२ ला, जखमीसाठी १०८ ला.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी शपथ होते, पोस्टर स्पर्धा होते, फोटो निघतात. यंदा पोस्टर काढाच, पण सोबत प्राचार्यांच्या नावे एका पानाचा अर्ज द्या: सुरक्षा समिती नेमा, तिच्यात आम्हाला आणि कर्मचाऱ्यांना घ्या, आणि तिचं नाव व नंबर गेटवरच्या फलकावर लिहा. अर्जावर तुमच्या वर्गाच्या सह्या घ्या आणि मामांची, मावशींचीही सही घ्या. पोच घ्यायला विसरू नका. चार वर्षांनी तुमच्यातलंच कोणी वाळूजमध्ये शिफ्ट इंचार्ज असेल आणि रात्री दाराची किल्ली त्याच्याकडे असेल. ते दार उघडं ठेवायची सवय त्याला आत्ता, इथेच लागायला हवी.