बार्बेक्यू आणि विस्तवाचे शब्द

उन्हाळा तोंडावर आला की पुरवण्यांतून आणि संकेतस्थळांवरून उघड्यावर भाजण्याच्या 'टिप्स' मराठीत अवतरू लागतात. ग्रिल मीडियम-हाय हीटवर प्रीहीट करावे, मॅरिनेट केलेले चिकन डायरेक्ट हीटवर सीअर करावे, अशी त्यांची वाक्यरचना असते. मराठी उरते ती क्रियापदाच्या शेवटापुरती. असल्या मजकुराकडे साहित्याच्या अभ्यासकांनी कशाला पाहावे, असे कोणी विचारील. भाषा आपले ज्ञान कोठे साठवते आणि ते कसे गमावते, हे पाहण्यास या दुर्लक्षित गद्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, असे आम्हांस वाटते. आमचे म्हणणे थोडक्यात असे: उघड्या विस्तवावर भाजण्याची अचूक भाषा मराठीजवळ आहे, चुलीबरोबर ती वापरातून जात आहे, आणि तिला आज नवे काम मिळू शकेल अशी सर्वांत स्वाभाविक जागा म्हणजे हाच परका वाटणारा बार्बेक्यू.

आधी ऋतूचा घोळ निस्तरू. उन्हाळी बार्बेक्यू ही मुळात उत्तर अमेरिकेतील रीत आहे. तेथे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंतचा काळ अंगणात शेगडी मांडण्याचा. ४ जुलै हा त्याचा कळस. हिवाळाभर घरात कोंडलेली माणसे या दिवसांत बाहेर पडतात. तेथील मराठी मंडळांच्या सहलींतही सार्वजनिक उद्यानांतल्या लोखंडी जाळ्यांवर मक्याची कणसे आणि पनीरचे तुकडे भाजले जातात. तेथील मराठी कुटुंबांना या सूचना हव्या आहेत, यात शंका नाही. परंतु त्याच सूचना विदर्भातल्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, जशाच्या तशा छापणे म्हणजे अनुवादकाने खिडकीबाहेर न पाहणे होय. आपल्याकडे उघड्यावरचा विस्तव थंडीतला. सोलापूर-नगरकडच्या शेतात आगटी पेटवून हुरडा भाजतात तो थंडीत. रायगडात मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून पोपटी लावतात ती थंडीत. खानदेशात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भरताची वांगी भाजतात तीही थंडीतच. उन्हाळ्यात आपल्या वाट्याला येते ती फार तर पन्ह्यासाठी निखाऱ्यांत पुरलेली कैरी. कृती तीच, ऋतू उलटा. आणि हा फरक ज्या मजकुराला जाणवत नाही, तो शब्दांच्या बाबतीतही बेफिकीर असणार हे ओघानेच आले.

'बार्बेक्यू' हा शब्दही प्रवासी आहे. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून तो स्पॅनिशमध्ये 'बार्बाकोआ' म्हणून आला आणि तेथून इंग्रजीत. अमेरिकेतले जाणकार 'ग्रिलिंग' आणि 'बार्बेक्यू' यांत काटेकोर भेद करतात: पहिले म्हणजे थेट निखाऱ्यांवर झटपट भाजणे, दुसरे म्हणजे झाकण घालून, मंद उष्णतेवर आणि धुरावर तासन्‌तास शिजवणे. बोलण्यात मात्र दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. शूळावर भाजलेल्या मांसाला 'अमरकोशा'त 'शूल्य' आणि 'भटित्र' असे शब्द आहेत, आणि बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मांस भाजण्याच्या कृती दिल्या आहेत. हे सांगण्यामागे 'आमच्याकडे सारे होतेच' असा दावा करण्याचा हेतू नाही. विस्तवावर भाजणे कोणा एका संस्कृतीच्या मालकीचे नाही. प्रत्येकीने त्यासाठी घडवलेले शब्द मात्र तिचे स्वतःचे आहेत.

मराठीने घडवलेले शब्द पाहावेत. जाळ, आच, धग, झळ. इंगळ, निखारा, आर, फुफाटा, राख. पेटणे, फुलणे, धुमसणे, निवणे. हे केवळ समानार्थी शब्द नव्हेत. जाळ दिसतो, धग जवळून लागते, झळ लांबूनही पोहोचते. निखारा एकटा असतो, आर म्हणजे त्यांचा साठा, फुफाटा म्हणजे तापलेली राख. पदार्थाचे काय झाले तेही ही भाषा तितक्याच बारकाईने सांगते: शेकले, भाजले, खरपूस झाले, करपले, होरपळले. होरपळलेला पदार्थ वरून काळा आणि आतून कच्चा असू शकतो, आणि उघड्यावर पहिल्यांदाच भाजणाऱ्याच्या बहुतेक फजित्या या एका क्रियापदात मावतात.

आता इंग्रजी सूचनांमधला खरा ऐवज या शब्दांत मांडून पाहू. पहिली गोष्ट, जाळावर भाजू नये, निखाऱ्यांवर भाजावे. कोळसे पेटल्यावर ज्वाळा बसू द्याव्यात. कोळशांवर करड्या राखेचा पातळ थर चढला आणि आतून लाली दिसू लागली, म्हणजे आर तयार झाला. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांतच तो मागे घ्यावा लागला तर धग तीव्र आहे, कणसे आणि पातळ तुकडे यांना योग्य. पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम आहे, जाड तुकड्यांना योग्य. दुसरी गोष्ट, सगळे निखारे एका बाजूस लोटून दुसरी बाजू मोकळी ठेवावी. इंग्रजीत हिला 'इनडायरेक्ट हीट' म्हणतात आणि आमचे अनुवादक ते शब्द तसेच उचलतात. परंतु चुलीशेजारचा वैल दुसरे काय करत होता? मुख्य चुलीच्या उरल्या आचेवर भाजी रटरटत ठेवण्याची ती जागा. पदार्थ आधी निखाऱ्यांवर खरपूस करावा आणि मग वैलावर सरकवावा, एवढे सांगितले की चूल पाहिलेल्या माणसाला कोष्टक लागत नाही. भाकरीही याच तत्त्वाने फुगते: तव्यावरून उतरवून ती आरासमोर उभी धरतात तेव्हा तिला जाळ शिवत नाही, धग शिवते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या बोयाचा गोळा कापून झाकणाची शेगडी बनवली. ती आज 'केटल' म्हणून जगभर ओळखली जाते. तिच्या वरच्या-खालच्या झरोक्यांचे काम आपल्या फुंकणीच्या नेमके उलट: फुंकणी वारा घालून विस्तव फुलवते, झरोके वारा रोखून तो आवरतात. चौथी गोष्ट साखरेची. गूळ, मध किंवा गोड सॉस असलेले लेपण आरंभीच लावले तर ते करपते. ते शेवटच्या काही मिनिटांत लावावे. पाचवी फुफाट्याची. 'आगीतून उठून फुफाट्यात' ही म्हण आपण एका संकटातून दुसऱ्यात पडण्यासाठी वापरतो. तिच्या मुळाशी मात्र स्वयंपाकाचे शहाणपण आहे: ज्वाळा विझली तरी राख उष्णता धरून ठेवते. मेजवानी संपल्यावर त्याच राखेत रताळी आणि कांदे पुरून ठेवावेत. आणि तीच राख पूर्ण निवल्याशिवाय कचऱ्यात टाकू नये, हा इशाराही त्या म्हणीत आहे.

या शब्दसंपत्तीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. 'खमंग' हा शब्द नाकाला कळतो, मांसाच्या गाभ्याला नाही. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअस, खिमा ७१ अंश, हे अमेरिकी कृषी खात्याचे आकडे तापमापकानेच कळतात. तेथे कोणतेही विशेषण कामाचे नाही. कच्चे मांस ज्या ताटात होते त्यात भाजलेले ठेवू नये आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवू नये, या सूचना रूक्ष असल्या तरी प्राण वाचवणाऱ्या आहेत. कोठे शब्द पुरतो आणि कोठे आकडाच लागतो, हे ज्याला कळते त्याचेच सूचनालेखन विश्वासार्ह ठरते.

एक आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. या शब्दांमागे चुलीपुढे डोळे आणि फुफ्फुसे जाळलेल्या स्त्रियांच्या पिढ्या आहेत. सहलीसाठी हौसेने निखारे फुलवणाऱ्याने त्यांची भाषा मिरवावी, यात एक क्रूर विनोद नाही काय? आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, त्याआधी आणि नंतरही असंख्य घरांत गॅस पोहोचला, आणि चूल मागे पडली हे उत्तमच झाले. तिच्याविषयी हळवे होण्याचा अधिकार तिच्यापुढे न बसलेल्यांना नाही. पण गॅसच्या खटक्यावर विस्तवाच्या तीनच अवस्था उरल्या: मंद, मध्यम, मोठी. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले, ते शहरी स्वयंपाकघराला हवेच होते. विस्तवाचे माप मात्र नव्याने कोणी लिहिले नाही, कारण त्याची गरज उरली नव्हती. ते ज्या स्त्रियांजवळ होते त्यांनी ते कागदावर उतरवले नाही. त्यांचे ज्ञान त्यांच्या बोलण्यातच राहिले. ते बोलणे 'मीडियम-हाय'खाली पुरून टाकणे हा त्यांच्या कष्टांचा सन्मान नव्हे. कष्ट संपावेत आणि शब्द टिकावेत, या दोन इच्छांत विरोध नाही.

दुर्गा भागवतांना आपल्या पाककृतींच्या पुस्तकाला 'खमंग' हे नाव द्यावेसे वाटले. एका विशेषणात एवढे सामर्थ्य असल्याची जाण त्या निवडीत आहे. आमची सूचना म्हणून साधी आहे. मराठीच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना एकदा इंग्रजी बार्बेक्यू-सूचनांचे एक पान अनुवादास द्यावे, आणि अट घालावी की विस्तवासाठी आणि भाजण्यासाठी एकही इंग्रजी शब्द चालणार नाही. घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारण्यावाचून त्यांना गत्यंतर उरणार नाही. 'ग्रिल', 'सॉस', 'बार्बेक्यू' खुशाल राहोत. नव्या वस्तूंबरोबर त्यांची नावे येतातच. धगीसाठी मात्र उसनवारी करण्याचे कारण नाही.