जुने घ्यावे की नवे?

मोटारीमागे जोडून न्यावयाचे फिरते घर, म्हणजेच ‘ट्रॅव्हल ट्रेलर’, प्रथमच घेणाऱ्या अमेरिकन कुटुंबापुढे हा प्रश्न हटकून उभा राहतो. कर्ज काढून नवा घ्यावा, तर दुकानाबाहेर पडताच त्याची किंमत घसरते. विकण्याची पाळी आल्यास कर्जही फिटत नाही. जुना स्वस्त खरा. परंतु छताच्या सांध्यांतून झिरपलेल्या पाण्याने आतील लाकूड कुजले आहे काय, हे विक्रेत्यालाच ठाऊक असते. माहिती अशी एकाच बाजूस असली की खराब माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. तेव्हा जुनाच घ्यावा. मात्र त्रयस्थ जाणकाराकडून तपासून घेऊनच. तपासणीचे शुल्क वाचविणाऱ्यास पुढे दुरुस्तीपायी त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात.