खोकला नाही, तरीही टीबी

लग्नाला चार-पाच वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. पाळीत अंगावरून जाणं कमी होत चाललंय, ओटीपोट अधूनमधून दुखतं. खोकला नाही, ताप नाही. अशा बाईला टीबी असेल असं घरात कुणाच्या मनातही येत नाही. पण गर्भाशयाचा टीबी असाच गुपचूप राहतो. कित्येकींना तर मूल न होणं सोडून दुसरा काही त्रासच नसतो.

हे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे खाली पोचतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गर्भनलिका धरतात. नलिका सुजतात, चिकटतात, बंद होतात. अर्धवट उघडी राहिली तर गर्भ नलिकेतच रुजण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. पुढे गर्भपिशवीचं अस्तर खराब होतं. ते फार खराब झालं, तर टेस्ट ट्यूब बेबीचाही (आयव्हीएफचाही) उपयोग होत नाही. म्हणून उशीर नको.

कर्ज काढून आयव्हीएफ करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा, टीबीची तपासणी करायला हवी का? लहानपणी टीबी झाला होता, घरात कुणाला होता, हे लपवू नका. अस्तराचा नमुना तपासतात, गरज पडली तर दुर्बिणीतून पाहतात. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर आपल्या देशात २०१२ पासून बंदी आहे. त्यावर पैसे घालवू नका. नुसता पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला, तर बाकीच्या तपासण्यांशी ताळा झाल्याशिवाय औषध घेऊ नका.

उपचार साधारण सहा महिन्यांचा. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नका. बरं वाटलं म्हणून डोस सोडू नका. खरं तेही सांगते, औषधाने जंतू मरतात, पण बंद झालेली नलिका सहसा उघडत नाही. अस्तर शाबूत असेल तर आयव्हीएफची आशा राहते.

सासूबाई, फुप्फुसात टीबी नसेल तर सुनेमुळे घरात कुणाला लागण होत नाही. तिचं ताट वेगळं करू नका, तिला माहेरी धाडू नका. आणि भाऊ, तुम्ही नवरा म्हणून तिच्याबरोबर दवाखान्यात जा, मूल न होण्यासाठीची आपलीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या.